चतुःसीमा

जमिनीच्या कागदावर मी आजवर दोनदा सही केली आहे आणि दोन्ही वेळा हक्क सोडण्यासाठीच केली आहे.

पहिली सही तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. कृष्णाकाठचं दोन एकर रान, त्याला आम्हा दोघी बहिणींची नावं वारस म्हणून लागलेली, आणि भावाला सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा एकट्याच्या नावावर हवा होता. हक्कसोडपत्र टाइप होऊन तयारच होतं. त्यात चतुःसीमा होत्या: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस चुलत्यांचं रान. यंत्रावर अंगठा टेकवला, फोटो काढला, सही केली. घरी आल्यावर वहिनीने दोघींची ओटी भरली, साडीचोळी केली. भाऊ रानात राबतो, मी समुद्रापलीकडे राहते. सही करताना मनात किंतु नव्हता. परतीच्या विमानात मात्र त्या चार ओळी डोळ्यांपुढून हलेनात. आई ज्या पाणंदीच्या पलीकडे आम्हाला जाऊ द्यायची नाही, तीच ही पाणंद. तोवर ती आमची होती हे मला कधी जाणवलंही नव्हतं.

दुसरी सही मध्य जावातल्या सालातिगा या छोट्या शहरात, एका नोटरीच्या टेबलावर, २०१७ साली. मजकूर असा होता की नवऱ्याची मिळकत नवऱ्याची, माझी ती माझी, आम्हा दोघांमध्ये सामाईक काही नाही. ही सही केल्याशिवाय आम्हाला घर घेता येणार नव्हतं.

हे जरा नीट सांगायला हवं. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा २४ सप्टेंबर १९६० चा. जमिनीवरचा सगळ्यात भक्कम हक्क म्हणजे 'हक मिलिक', आणि तो फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो. साडेतीनशे वर्षांच्या डच व्यवहारात जमीन कोणाची कशी झाली हे ज्यांनी पाहिलं त्यांनी हा कायदा केला, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परदेशी माणसाला फार तर 'हक पाकाई', म्हणजे वापरण्याचा हक्क मिळतो. माझा नवरा इथला, सालातिगातच जन्मलेला. मग त्याच्या नावाने घर घ्यायला अडचण कसली? अडचण लग्नाची. १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर मिळवलेली मिळकत नवरा-बायकोची सामाईक होते. त्याने जमीन घेतली की अर्धी आपोआप माझी, आणि माझी झाली की हक मिलिक मोडला. उपाय एकच, लग्नाआधी मिळकत वेगळी ठेवल्याचा करार. आमचं लग्न २००९ साली पुण्यात झालं, विशेष विवाह कायद्याखाली. तो तिथे शिकायला होता, मी तिथेच नोकरीला. असा काही करार करायचा असतो हे त्या दिवशी आम्हाला कोण सांगणार होतं?

असे हजारो संसार इथे अडकले होते. एका इंडोनेशियन बाईने, जिचा नवरा जपानी होता, घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. तिने फ्लॅटचे पैसे भरले होते आणि याच कारणावरून तिचा व्यवहार रद्द झाला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये निकाल लागला: असा करार लग्नानंतरही, संसार चालू असताना कधीही करता येईल. त्या रात्री नवऱ्याने बातमी वाचून दाखवली आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललो नाही. पाच वर्षं भाड्याच्या घरात काढली होती. इथे भाडं वर्षाचं एकदम आगाऊ द्यावं लागतं, आणि वर्ष संपत आलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

नोटरीने करार मोठ्याने वाचला. तसा नियमच आहे. कायद्याची इंडोनेशियन भाषा मला तेव्हा जेमतेम कळायची, पण कानावर शब्द पडत होते ते हक, मिलिक, वारिस, वाकिल, साक्सी. आमच्या कचेरीत ऐकलेलेच सगळे: हक्क, मालकी, वारस, वकील, साक्षी. घरपट्टीच्या पावतीवर जमिनीला 'बुमी' लिहितात, किमतीला 'हार्गा' म्हणतात, तो आपल्या संस्कृतातला अर्घ. एकही शब्द परका नव्हता, आणि त्या सगळ्या शब्दांनी मिळून मला बाहेर ठेवलं होतं. सही करताना हात थांबला. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाला, "नको असेल तर राहू दे, भाड्याने राहू." त्याचं मराठी तोडकंमोडकं आहे; अवघड प्रसंगी तो तेच बोलतो. मी सही केली.

सालातिगा सेमारांग आणि सोलोच्या मधोमध आहे, मर्बाबू डोंगराच्या पायथ्याशी. मर्बाबूची उंची तीन हजार मीटरच्या वर. सकाळी सातपर्यंत तो स्वच्छ दिसतो, मग ढगात जातो. हवा वाईसारखी, थोडी अधिक गार. डच लोकांनी थंड हवेसाठी वाढवलेलं गाव, म्हणून रस्ते रुंद आणि झाडं जुनी. एक मोठं ख्रिस्ती विद्यापीठ आहे, त्यामुळे पापुआपासून सुमात्रापर्यंतची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. बाजूला मशिदी, चर्च, चिनी देऊळ, आणि संध्याकाळी हातगाडीवर आल्याच्या पाण्यातले तांदळाच्या पिठाचे गोळे, वेदांग रोंडे. २०१७ साली सेमारांगकडचा टोल रस्ता इथवर आला, पुढच्या वर्षी सोलोपर्यंत गेला, आणि भाताच्या शेतांत घरांच्या जाहिरातींच्या पाट्या उगवल्या. आम्हीही तिकडेच पहिला घाट घातला. टोलनाक्याजवळ एक नवी वसाहत होत होती, तिथे टोकन भरलं. जमिनीचं मूळ प्रमाणपत्र बँकेत गहाण आहे हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. पैसे परत मिळायला वर्ष गेलं, तेही पुरते मिळाले नाहीत. त्याबद्दल एवढंच.

ज्या गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो तिथेच घर विकायचं आहे हे बू एर्टेंनी सांगितलं. एर्टे, म्हणजे 'रुकुन तेतांगा', शेजाऱ्यांची जूट. काही डझन घरांचा एक एर्टे, त्याचा निवडलेला प्रमुख पाक एर्टे, आणि त्यांची बायको ती बू एर्टे. ही व्यवस्था १९४४ साली जपान्यांनी बसवली, युद्धात लोकांवर नजर ठेवायला. जपानी गेले, जूट राहिली. लोकांनी ती आपलीशी करून घेतली.

गल्ली दीड मीटर रुंद. तोंडाशी पाटी आहे: मोटरसायकलवरून उतरा, ढकलत न्या. आम्ही आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाक एर्टेंनी प्लॅस्टिकचा एक छोटा पेला आणला आणि दाराशेजारी खिळ्याने ठोकून दिला. त्याला भोक पाडलेलं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. रोज रात्री झोपण्याआधी त्यात पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं; आपले अडीच-तीन रुपये. मध्यरात्री गस्तीची माणसं येतात, नाणं काढून घेतात, वहीत खूण करतात. याला 'जिम्पितान' म्हणतात. पूर्वी नाण्याऐवजी तांदूळ असायचे, तीन बोटांत मावतील एवढे. 'जिम्पित' म्हणजे चिमूट. अगदी चिमूटच. त्या चिमटीतून गल्लीचे दिवे लागतात, कोणी आजारी पडलं तर पाकीट जातं, मयताला खुर्च्या-मांडव होतो. भाडेकरूकडूनही घेता का, असं मी विचारलं होतं. "तुम्ही रात्री इथेच झोपता ना?" पाक एर्टे म्हणाले.

इथे बाईला नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. पण माझ्या नवऱ्याच्या नावाचे गल्लीत तिघेजण, म्हणून मी 'बू इंडिया' झाले. सुरुवातीला ते नाव कानाला टोचायचं. वाटायचं, वीस वर्षं राहिले तरी ही माणसं माझा देशच बघणार.

विकायचं घर एका विधवा आजीबाईंचं होतं. सगळे त्यांना 'म्बाह' म्हणत, म्हणजे आजी, तेच मीही म्हणते. जागा एकशे बारा चौरस मीटर. पुढची भिंत विटांची, मागची अजून बांबूच्या तट्ट्याची, वर कौलं, मागे विहीर. म्बाहचे गुडघे गेले होते, आणि बोयोलालीच्या लेकीकडे जायचं ठरत होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तास बसलो आणि किमतीचा विषय निघाला नाही. तिथे तो काढतच नाहीत. तिसऱ्याच माणसामार्फत आकडा कळतो. चहा, शेंगदाण्याची चिक्की, मुलगी कितवीत आहे, तिला ताकद येण्यासाठी काय देता. निघताना म्बाह मला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेल्या. विहीर दाखवली. कठडा गुळगुळीत झालेला, रहाटाच्या दोरीने त्यावर तीन खोल चरे पडलेले. म्हणाल्या, पूर्वेकडचं घर आणि मागचं घर उन्हाळ्यात इथूनच पाणी नेतात. विहिरीला कुलूप लावणार असाल तर मी दुसऱ्याला देईन. ही त्यांची एकमेव अट. ती कुठल्याही कागदात नाही.

जमीन म्बाहच्या वडिलांची, आणि कागद म्हणजे गावदप्तरातली 'लेटर सी' नावाची जुनी नोंद. प्रमाणपत्र व्हायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि एक भाऊ सुमात्रातल्या लाम्पुंगला. जावात माणसं मावेनात म्हणून १९०५ पासून डच सरकार आणि पुढे स्वतंत्र देशही जावातली कुटुंबं तिकडे वसवत आला. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी लाम्पुंगला असतं. त्या भावाला टपालाने कागद पाठवायचं म्हटलं तर म्बाह म्हणाल्या, "लबारानला येईल." लबारान म्हणजे रमजान ईद, तेव्हा अख्खं जावा आपापल्या गावी परततं. आम्ही २०१८ च्या ईदची वाट पाहिली. भाऊ बसने आला, बहिणीच्या पायाशी बसून तिची माफी मागितली, तशी इथे रीतच आहे, आणि दुसऱ्या दिवशी सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. मी समोरच बसले होते. हे माणूस काय सोडतंय हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना काही बोलले नाही, जेवताना पान वाढलं तेवढंच.

मग मोजणी. जावातली माणसं डावं-उजवं फारसं बोलत नाहीत, दिशा बोलतात: लोर उत्तर, किदुल दक्षिण, वेतान पूर्व, कुलोन पश्चिम. घरातसुद्धा. "खुर्ची जरा लोरला घ्या", "मीठ तुमच्या वेतानला आहे". आमच्याकडची म्हातारी माणसं 'उगवतीला', 'मावळतीला' म्हणायची, त्याची मला फार आठवण येते. जमीन खात्याचा मोजणीदार येतो तेव्हा चारही बाजूंचे शेजारी हजर राहून हद्दीचे दगड कुठे ते मान्य करतात आणि सही देतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय नकाशा होत नाही. वेतानच्या काकूंनी दगड स्वतः पायाने चाचपून दाखवला, फरशीखाली गेला होता. किदुलच्या घरातल्यांनी तीस सेंटीमीटरचा वाद काढला, मग स्वतःच हसून मिटवला. कुलोनला छोटी प्रार्थनेची जागा, लंगार. तिथल्या वडीलधाऱ्यांनी सही केली. लोरला गल्ली, तिच्यातर्फे पाक एर्टे. पेनने एकेक सही होत होती आणि मी चहाचे ग्लास फिरवत होते. सही करायला मला जागा नव्हती, पण चौघांनाही माझ्या हातचा चहा किती गोड लागतो ते माहीत होतं.

२०१९ मध्ये खरेदीखत झालं. खरेदीवर पाच टक्के कर आमचा, विकणाऱ्याचा अडीच टक्के. त्यावर नाव फक्त नवऱ्याचं.

त्या रविवारी मी एकटीच प्लुम्पुंगानला गेले. शहराच्या उत्तरेला एका वस्तीत छपराखाली एक मोठा काळा दगड आहे, त्यावर शक ६७२ चा, म्हणजे इसवी सन ७५० चा लेख आहे. २४ जुलै ही त्याची तारीख शहराचा वाढदिवस म्हणून साजरी होते. लेख आहे जमिनीबद्दल: हाम्प्रा नावाच्या गावची जमीन करमुक्त केली, असा. दान दिलेल्या अशा जमिनीला जुन्या जावानीज भाषेत 'सीमा' म्हणत. सुरुवातीचे शब्द आता शहराच्या बोधचिन्हावर आहेत. कचेऱ्यांच्या दारांवर, शाळेच्या गणवेशावर ते मी सात-आठ वर्षं रोमन अक्षरांत बघत आले होते आणि कधी वाचलेच नव्हते. त्या दिवशी पुटपुटून पाहिलं. श्रीरस्तु, स्वस्ति प्रजाभ्यः. माझे आजोबा पत्राच्या माथ्यावर 'श्री' काढत आणि खाली 'इति शुभं भवतु' लिहीत. या डोंगराखाली साडेबाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी जमिनीचा कागद, म्हणजे दगड, त्याच रीतीने सुरू केला होता. मी तिथे बराच वेळ बसले. रडले, खरं सांगते.

घर लगेच ताब्यात आलं नाही. 'सुरो' महिना लागला होता. या महिन्यात घर बदलत नाहीत. तो सरल्यावर म्बाह लेकीकडे गेल्या. आढं कुजलं होतं, ते बदलायला गल्लीतले नऊजण मजुरी न घेता आले. नवं आढं चढवायच्या आधी त्याला लाल-पांढरं कापड बांधतात, भाताची लोंबी, नारळ, केळ्याचा घड, ऊस टांगतात. मी हळदीकुंकू लावू का, म्हणून विचारलं. सगळ्यात म्हाताऱ्या सुताराने शिडीवरून खाली उतरून आढं माझ्यापुढे धरलं.

मग महामारी आली. मध्य जावात 'जोगो तोंगो' म्हणून मोहीम निघाली, शेजारी जपा. २०२१ च्या जुलैत आम्ही तिघंही आजारी पडलो. दार चौदा दिवस बंद. रोज सकाळी कडीला पिशवी अडकवलेली असायची: मऊ भात, तेंपे, कधी नुसतं आलं. बाहेरून हाक यायची, "बू इंडिया, पिशवी!" आणि पावलं लांब जायची. त्या पंधरवड्यात जिम्पितानचं नाणं टाकायला मी बाहेर येऊ शकले नाही. बरी झाल्यावर पाक एर्टेंकडे साठलेले पैसे घेऊन गेले तर वहीत आमच्या नावापुढे रोजची खूण होती. कोण टाकत होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

बोलू नये ते बोलते. उद्या नवरा माझ्याआधी गेला, तर वारसाने आलेला हक मिलिक परदेशी माणसाला एक वर्षापेक्षा जास्त ठेवता येत नाही. कायद्यात स्पष्ट आहे. घर मुलीचं होईल, ती इथली नागरिक आहे. मी तिच्या घरी राहीन. आई आता माझ्या भावाच्या घरी राहते, तशी. भारताचं नागरिकत्व सोडून इथलं घेता येतं, हेही मला ठाऊक आहे. अजून ते माझ्याने झालेलं नाही. दोन हक्क सोडले, तिसरा सोडवत नाही.

मागच्या वर्षी वेतानच्या काकूंनी त्यांच्या जागेचं प्रमाणपत्र काढायला घेतलं. सरकारची सरसकट नोंदणीची योजना चालू होती, तीत. मोजणीदार यायच्या आधी घरच्यांनी कच्चा नकाशा करून द्यायचा असतो. काकूंचा नातू शाळेच्या वहीच्या कागदावर पट्टीने रेघा मारत ओट्यावर बसला होता, आणि काकू विहिरीवर दोर ओढता ओढता त्याला सांगत होत्या. लोर, गल्ली. वेतान, अमक्यांची भिंत. किदुल, केळीचं बन. मी पाण्याचा हंडा त्यांच्या हातून घेतला आणि कागदाकडे पाहिलं. चौथ्या बाजूला त्याने विचारायची वाटही पाहिली नव्हती. पेन्सिलीने, गोल अक्षरांत लिहून टाकलं होतं: कुलोन, बू इंडिया.

"तिथे आमच्या घरच्या काकांचं नाव लागेल," मी म्हटलं. "प्रमाणपत्र त्यांच्या नावावर आहे."

तो खोडरबर शोधायला लागला. काकूंनी दोर सोडला, पदराला हात पुसले आणि कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. म्हणाल्या, "संध्याकाळी ते आले की सही करतील, तेव्हा साहेबाच्या कागदावर त्यांचं नाव घाल. हा घरचा आहे. असू दे."